व्हिसाच्या पानावरचं कुंकू

डाग पडलेला कागद मी चौतीस वर्षांत एकदाही स्वीकारला नाही. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत मी अव्वल कारकून होतो. चहाचा थेंब, तेलकट बोट, सुक्या मासळीच्या पिशवीतून आल्यामुळे वास मारणारा उतारा, यातलं काहीही माझ्या टेबलावर चालत नसे. नवीन प्रत आणा, एवढंच म्हणायचो आणि पुढच्या माणसाकडे बघायचो. संगमेश्वराच्या आतल्या एका वाडीतून दोन एसट्या बदलून येणाऱ्या महिपत नावाच्या म्हाताऱ्याला मी असा तीनदा परत पाठवला होता. चौथ्यांदा तो आलाच नाही. त्याचं काम राहिलं हे मला माहीत होतं आणि तरी त्या दुपारी डबा मला गोड लागला होता.

त्याच कचेरीत दर एक एप्रिलला नवीन नोंदवह्या यायच्या. त्यांची चळत टेबलावर रचायची, सर्वांत वरच्या वहीचं पहिलं पान उघडायचं, त्यावर 'श्री' काढायचा आणि ओल्या कुंकवाचं बोट लावायचं. वरच्या वहीला लावलं की खालच्या सगळ्यांना पोचलं, अशी आमची पद्धत. हे काम माझ्याकडे असे. नाव परशुराम, अक्षर वळणदार आणि रोज अंघोळ करून येणारा एवढा एकच माणूस, असं साहेब थट्टेने म्हणायचे. मोठमोठे अधिकारी तपासणीला आले, त्यांनी बेरजा तपासल्या, खाडाखोड शोधली, पण त्या कुंकवाला कुणी कधी डाग म्हटलं नाही. तो डाग असू शकतो हे माझ्या मनातही कधी आलं नाही.

आमची उर्वी एकुलती एक. लग्न होऊन सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. जावई शार्दूल मूळ हेदवीचा, शांत मुलगा. गेल्या दिवाळीत उर्वीला रक्ताचा कर्करोग निघाला. औषधं झाली, तिचे दाट केस गळून टक्कल झालं, मध्ये बरं वाटलं म्हणून तिने आम्हाला फोनवर पोहे करून दाखवले. फेब्रुवारीत शार्दूलचा फोन आला. डॉक्टरांकडे आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिना, फार तर दीड महिना, असं त्याने सांगितलं आणि फोन उर्वीकडे दिला. ती माझ्याशी हवापाण्याचं बोलली, आंब्याला मोहर कसा आहे ते विचारलं. मग म्हणाली, "बाबा, आईला लवकर घेऊन या. मला आई हवीये."

आमच्या घराला आता एकच काम होतं. हेमाला, माझ्या बायकोला, उर्वीपाशी पोचवायचं, उर्वी जिवंत आहे तोवर.

हे काम माझं होतं आणि खोटं कशाला सांगू, मला त्यात थोडी हुशारी वाटली. जिथे रडायचं तिथे मी फाइल केली. डॉक्टरांचं पत्र, लग्नाचा दाखला, पेन्शनचा कागद, कलमांच्या बागेचा उतारा, सगळं क्रमाने लावून, वर अनुक्रमणिका. मारुती मंदिराजवळ हर्षदचं तिकिटांचं दुकान आहे. तो म्हणाला, काका, मी पंधरा वर्षं हा धंदा करतोय, अशी फाइल कुणी आणली नाही. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. अठरा दिवसांत दोघांचे पासपोर्ट कुरिअरने परत आले आणि त्यात व्हिसाचे कागद चिकटवलेले होते.

या अठरा दिवसांत मी विमानप्रवासाचे नियम पाठ केले. हेमा केळशीची. विमानात सोडा, ती कधी पुण्याच्या पलीकडे गेलेली नव्हती. इंग्रजी तिला दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं येतं. मी तिची तालीम घ्यायचो. पडवीत टेबल टाकून मी अधिकारी व्हायचो, ती खांद्याला पिशवी लावून पायरीवरून वर यायची. पासपोर्ट कसा द्यायचा, टोपीवाल्या अधिकाऱ्याकडे बघून हसायचं नाही, कशासाठी चाललात विचारलं तर 'डॉटर' म्हणायचं, हॉस्पिटलचं पत्र पुढे करायचं. मुरांब्याची बरणी हातातल्या पिशवीत चालणार नाही हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मुरांबा म्हणजे पातळ पदार्थ हे कुठल्या गाढवाने ठरवलं. मी तिला रागावलो. ती शेजारच्या गंगुबाईंना सांगत होती, ह्यांना यमाच्या दारातसुद्धा अर्जाचा नमुना लागेल.

तिला सर्वांत अवघड गेलं ते ट्रान्झिट. मध्ये आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरायचं, दुसऱ्या विमानात बसायचं, पण त्या देशात जायचं नाही. आपल्याकडे त्या देशाचा व्हिसा नाही, म्हणून दाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. मी कागदावर चौकोन काढून समजावलं. जमिनीवर आहोत पण देशात नाही, असं मी म्हणालो. हेमाने थोडा विचार केला आणि म्हणाली, म्हणजे ओसरीवर बसायचं, माजघरात जायचं नाही, एवढंच ना. मी म्हटलं, एवढंच.

पासपोर्ट आले त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आमसुलं भरत होती. हात भरलेले होते म्हणून तिने आतूनच सांगितलं की ते देवापुढे ठेवा. ठेवा, एवढंच ती म्हणाली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मी दोन्ही पासपोर्ट देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवले, एकावर एक. वरचा हिचा होता. निरांजन लावलं. मग माझ्या हाताने चौतीस वर्षं जे केलं ते केलं. वरचा पासपोर्ट उघडला, व्हिसाचं पान काढलं, कारण ज्यासाठी जिवाचं रान केलं ते पान तेच होतं, आणि ओल्या कुंकवाचं बोट त्यावर टेकलं. त्या वेळी मी रडलोही. उर्वीच्या आजारात मी पहिल्यांदा रडलो तो तिथे. पासपोर्ट मिटला आणि हात जोडले. खालच्या, म्हणजे माझ्या पासपोर्टला, ते पोचलं असं धरून चाललो.

निघायच्या सकाळी पासपोर्ट पिशवीत घालताना मी उघडून बघितला. समुद्रकाठची हवा, कुंकू सुकलं नव्हतं, पसरलं होतं. दोन दिवस मिटलेल्या पानात ते दबलं होतं. व्हिसाचा नंबर असतो तिथले शेवटचे चार आकडे लाल झाले होते आणि खालच्या बारीक अक्षरांच्या दोन ओळींवर बोटभर पट्टा उमटला होता. मी ओल्या रुमालाने पुसलं. पुसल्यावर ते गुलाबी होऊन आणखी पसरलं. एक अक्षर रुमालाबरोबर निघून आलं.

असा कागद टेबलावर आला असता तर मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. पण दारात गाडी उभी होती, हेमा शेजारणींच्या पाया पडत होती आणि नवीन व्हिसा काढायचा तर नवीन पासपोर्टपासून सुरुवात. तेवढे दिवस उर्वीकडे नव्हते. मी पान मिटलं. हर्षदला फोन करून विचारावं असं वाटलं आणि केला नाही, कारण तो काय सांगेल हे मला कळत होतं. हेमाला मी काही बोललो नाही.

मुंबईला विमानाच्या काउंटरवरच्या मुलीने ते पान यंत्रात दोनदा घातलं. वाचलं गेलं नाही. तिने अंगठ्याने चोळून बघितलं, माझ्याकडे बघितलं, हेमाकडे बघितलं, मग आकडे हाताने टाइप करून तिकीट दिलं. पुढच्या खिडकीत बसलेला माणूस आपलाच निघाला. त्याने पान बघून विचारलं की देवाला दाखवलात वाटतं. मी हो म्हणालो. त्याने शिक्का मारला आणि सुखरूप जा म्हणाला. आपल्या मुलखात कुंकू कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विमानात बसल्यावर मला वाटलं, सुटलो.

आखातातल्या विमानतळावर आम्ही सकाळी उतरलो. हेमा माझी बाही धरून चालत होती. एवढी दुकानं, एवढे दिवे, आणि तिचं कशाकडे लक्ष नव्हतं. कॅनडाला इथून किती तास, एवढंच ती विचारत होती. चौदा तास, मी म्हणालो. म्हणजे आपल्याकडे उद्या उजाडेल तोवर मी उर्वीला पेज भरवत असेन, असा तिने बोटांवर हिशोब केला.

कॅनडाच्या विमानाच्या दाराशी पुन्हा एकदा कागद तपासतात हे मी वाचलेलं होतं. तिथे एक तरुण होता, नीटनेटका, बोलायला मऊ. माझा पासपोर्ट त्याने यंत्रावर ठेवला, हिरवा दिवा लागला. हेमाचा ठेवला, लाल लागला. पुन्हा ठेवला. मग त्याने पान उघडून डोळ्यांजवळ नेलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

मी इंग्रजीत म्हणालो, "माय वाइफ. शी इज व्हेरी रिलिजस."

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजही सांगता येत नाही. विचार करून गेलं नाही. कचेरीत चूक निघाली की आधी खालच्या माणसाकडे बोट जायचं, तसं ते गेलं. हेमा माझ्या बाजूला उभी होती. इंग्रजी येत नसलं तरी वाइफ हा शब्द तिला येतो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग समोर बघत राहिली. त्याबद्दल तिने मला अजून विचारलेलं नाही.

त्या तरुणाने वरिष्ठांना बोलावलं. पानाचा फोटो काढून कुठेतरी पाठवला. आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. आमच्या समोरून माणसं आत जात होती, लहान मुलं घेतलेली, झोपाळलेली, हसणारी. मी सगळी फाइल बाहेर काढली. डॉक्टरांचं पत्र दाखवलं, त्यात तारखेसकट लिहिलेलं होतं की रोग्याचे थोडे दिवस उरले आहेत. व्हिसाचा अर्ज दाखवला, मंजुरीची ईमेल दाखवली, त्यात तोच नंबर स्वच्छ छापलेला होता. वरिष्ठ बाईंनी ते सगळं वाचलं. खरोखर वाचलं, माझ्यासारखं वरवर नाही. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. व्हिसाच्या कागदात बिघाड आहे, तो ग्राह्य नाही, या प्रवाशाला विमानात घेऊ नये.

मी हात जोडले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तेव्हा त्या बाई मागे सरकल्या. त्यांनी मला अगदी सावकाश सांगितलं की मी जाऊ शकतो. मॅडमना पहिल्या मिळेल त्या विमानाने मुंबईला परत जावं लागेल. जागा आहे ते विमान सोळा तासांनी आहे. तोवर त्यांना इथेच, या दारांच्या आतच बसावं लागेल, कारण या देशाचा व्हिसा त्यांच्याकडे नाही. मला समजतं, पण डाग पडलेला कागद आम्हाला स्वीकारता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माज नव्हता. तो असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी हेमाला सांगितलं. कुंकू मी लावलं, हेही तेव्हाच सांगितलं. तिला ते माहीतच होतं, तिने लावलं नव्हतं तर दुसरं कोण असणार. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. विमानाची शेवटची हाक झाली. मी म्हणालो की मीही परत येतो, तुला एकटीला इथे सोळा तास टाकून मी जाणार नाही, तुला इथलं काही कळायचं नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मला काही कळायला नको इथलं. तिच्याजवळ आपलं एक माणूस हवं."

"तिला तू हवी आहेस, हेमा. मी जाऊन काय करू?"

"ते तुम्ही बघा. तुम्हाला सगळं येतं." मग जरा थांबून म्हणाली, "मी इथवर आले होते हे तिला सांगू नका. अर्ध्या वाटेवरून फिरले म्हणून ती तळमळत राहील."

मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं, कुठे बसायचं, कुणाला कागद दाखवायचा, मुंबईला उतरल्यावर तिचा भाचा गौरव न्यायला येईल. विमानतळाच्या वायफायवरून शार्दूलला आणि गौरवला निरोप टाकला. हेमाचा फोन साधा, तो परदेशात चालत नव्हता. तिला तिथे बसवून मी त्या दारातून आत गेलो. मागे वळून बघितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. ती विमानाकडे बघत होती, काचेतून.

कॅनडात उतरल्यावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट दोन मिनिटांत परत दिला. कोरा करकरीत पासपोर्ट होता माझा. बाहेर शार्दूल उभा होता. निरोप मिळालेला असूनही त्याने माझ्या मागे बघितलं, उगाच, सवयीने. गाडीत त्याने सांगितलं की डॉक्टर आता तासांच्या भाषेत बोलताहेत. आणि त्याने उर्वीला काहीच सांगितलं नव्हतं. आई येतेय म्हणून ती डोळे उघडे ठेवत होती, तिला तो कसं सांगणार होता.  ते सांगणं मलाही जमलं असतं असं मला वाटत नाही.

हॉस्पिटलच्या खोलीबाहेर त्यांनी मला अंगभर झगा घालायला लावला, तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे. उर्वी पलंगावर एवढीशी झाली होती. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, आदल्या दिवसापासून तिला दिसत नव्हतं, हे शार्दूलने मला दारातच सांगितलं. मी उशाशी बसलो आणि तिचा हात हातात घेतला.

"आई, आलीस?" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. उर्वी, मी आहे गं, बाबा, एवढं ओठांवर आलं होतं. मी शार्दूलकडे बघितलं. तो मान हलवत होता, नाही, नाही. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं, महिनाभर घट्ट धरून ठेवलेलं. मी तोंड मिटलं. तिचा हात दाबला.

तिची बोटं माझ्या मनगटापर्यंत चाचपडत गेली. "बांगड्या काढायला लावल्या का गं तुला?" ती म्हणाली. मी पुन्हा हात दाबला. तिला ते पुरलं. हॉस्पिटलमध्ये नियम असतात हे तिला माहीत होतं, माझीच मुलगी ती.

म्हणून मला बोलता आलं नाही. घशातून आवाज निघाला असता तर तिला कळलं असतं. खोकला आला तरी मी दाराबाहेर जाऊन खोकलो. सात वर्षांनी मी माझ्या मुलीला भेटत होतो. तिला पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा मी वर्गाबाहेर उभा होतो ते तिला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगायचं होतं. तिने परदेशी जाऊ नये म्हणून मी जे बोललो होतो त्याची माफी मागायची होती. मी तिचा हात धरून बसलो.

थोड्या वेळाने ती पुन्हा जागी झाली. ओठ हलले. मी कान जवळ नेला. "बाबा खाली फॉर्म भरत असतील," ती म्हणाली आणि हसल्यासारखं केलं. "भरू दे त्यांना, तू बस."

तेवढ्यात शार्दूलचा फोन थरथरला. पडद्यावर गौरवचा नंबर होता. हेमा मुंबईला उतरली होती आणि त्याच्या फोनवरून लावत होती. तिला उर्वीशी बोलायचं असणार, दुसरं काय असणार. फोन उर्वीच्या कानाला लावला असता तर तिने खरीखुरी आई ऐकली असती आणि त्याच क्षणी तिला कळलं असतं की हातात हात आहे तो आईचा नाही, आई आलेलीच नाही. शार्दूल माझ्याकडे बघत होता. ठरवायचं मला होतं. मी मान हलवली, नको. फोन थरथरून थांबला. पुन्हा आला. चार वेळा आला. चौथ्यांदा शार्दूलने तो बंद केला.

"हात सोडू नको," उर्वी म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. बाहेर उजेड होता, तिथे मार्चमध्ये संध्याकाळ लांबते. तो उजेड जायच्या आधी ती गेली.

बारा दिवसांनी मी अस्थी घेऊन रत्नागिरीला आलो. हेमा स्टेशनवर आली होती, गौरवबरोबर. तिने कलश माझ्या हातातून घेतला आणि गाडीत मांडीवर ठेवून बसली. भाट्याच्या खाडीत विसर्जन झालं. घरी माणसं येत होती. विमानतळावर काय झालं ते सगळ्यांना कळलेलं होतं, आणि सगळे धरूनच चालले होते की कुंकू हेमाने लावलं. बाईमाणूस, श्रद्धाळू, असं म्हणून लोक हळहळायचे. हेमा मान खाली घालून ऐकायची. दोनदा मी म्हणालो की तिने नाही, मी लावलं. लोकांना वाटलं की मी बायकोला पाठीशी घालतोय, आणि त्यांना माझं कौतुकच वाटलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही.

माणसं यायची थांबली त्या दुपारी हेमाने मला ओसरीवर बोलावलं. समोर बसवलं.

"मी मुंबईला उतरल्या उतरल्या फोन लावला होता," ती म्हणाली. "चार वेळा. तेव्हा उर्वी गेली होती का हो?"

हो म्हटलं असतं तर तिथे संपलं असतं. ती माझ्याकडे अशी बघत होती की तिला तेच ऐकायचं असावं. पण एकदा मी तिच्या देखत खोटं बोललो होतो. पुन्हा मला जमेना.

"नाही," मी म्हणालो. "जागी होती. तिला दिसत नव्हतं. तिला वाटत होतं की तूच तिचा हात धरून बसली आहेस. तुझा आवाज फोनवरून आला असता तर तिला कळलं असतं. म्हणून मी उचलू दिला नाही."

 शेजारी कुणाचा तरी पंप चालू होता, तो बंद झाला.

"म्हणजे मी तिच्याजवळ होते," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही मला तिचा आवाज ऐकू दिला नाहीत."

 मग तिने विचारलं की काय काय बोलली ती, सगळं सांगा, एक शब्द गाळू नका. मी सांगितलं. बांगड्यांचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, शब्दाला शब्द. ते मला तोंडपाठ आहे.

आता रोज दुपारी जेवणं झाली की ती मला बोलावते आणि तेच सांगायला लावते. तिच्या मुलीने तिला सांगितलेलं आहे, मी फक्त निरोप आणला. मी सांगत असतो तेव्हा ती डोळे मिटून बसते आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवते. पाचच वाक्यं आहेत. ती संपली की हेमा म्हणते, पुन्हा सांगा.